पुसा, टाका, धुवू नका

३ मार्च

वहिनी,

खुशाली नंतर, आधी खोका उघड. कात्रीने उघड, सुरीने नको, आत ओला माल आहे.

सहा पाकिटं आहेत, प्रत्येकावर आकडा घातलाय आणि प्रत्येकात वीस ओली फडकी आहेत. आमच्या कारखान्यात बँडेजसाठी जो दाबलेला कापूस निघतो त्याचीच केलीत. सहाही नंबरांत औषधपाणी वेगळं आहे. ओलं कापड पाकिटात बंद राहिलं की बुरशी धरतं, म्हणून त्यात टिकाऊपणाचं औषध घालावं लागतं. कुठलं आणि किती, हाच सगळा झगडा आहे. आमच्या प्रयोगशाळेतले सगळे आपापल्या हातांवर लावून बघतात, पण त्यांची कातडी गेंड्याची. मला आईची कातडी हवी. कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय ती, तिला चाललं तर जगाला चालेल.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं सांगू? आईला झटका आला, तिची उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा मी आठ दिवस येऊन राहिले होते. तिला अंथरुणातच पुसून काढायचं म्हणून बादली घेऊन बसले आणि अर्धी बादली गादीत ओतली. ती कुडकुडत होती आणि मी रडत होते. शेवटी तू मला दंडाला धरून खोलीबाहेर काढलंस. परतताना गाडीत मी ठरवलं, बादलीच नको असं काहीतरी करायचं.

तर कृती अशी. एका फडक्याने पुसायचं आणि ते टाकून द्यायचं. पुसल्यावर अंग धुवायचं नाही, तसंच वाळू द्यायचं. तोच तर शोध आहे! सकाळ-संध्याकाळ कातडी बघून वहीत लिहायचं. दादाला लिहायला सांगू नकोस, तो सगळीकडे ‘ठीक’ लिहील.

तुझी लाडकी कटकट,
नणंद

२० मार्च

अहो वन्सं,

तुम्ही तिकडे उंटावर बसून शेळ्या हाका, आम्ही इकडे शेळ्या आहोतच.

नंबर एकला आठव्या दिवशी हिरवी लव आली. नंबर दोनला दवाखान्याच्या जिन्यासारखा वास येतो, आईंनी तोंड फिरवलं. तीन पुसताना फाटतं. पाच आणि सहा इतकी तेलकट की आईंच्या हातातून चमचा निसटला. चार मात्र झकास! बुरशी नाही, वास नाही, फाटत नाही. सकाळी सातला आईंना तुमच्या फडक्याने पुसते, मग आमचं नेहमीचं आवरतं, आठला चहा. कातडी उत्तम. वहीत रोज लिहिते, आणि ‘ठीक’ असं एकदाही लिहिलेलं नाही.

पण टाकून द्यायचं म्हणजे काय हो? एवढं चांगलं कापड! मला काही हात धजला नाही. मी ती सगळी साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “घरात बाळ आलं की काय? आम्हाला पत्ताच नाही!” आता मी या वयात तिला काय उत्तर देणार? ह्यांनी त्यातल्या दोन फडक्यांनी बूट चकचकीत केले.

वही सोबत पाठवतेय. नंबर चार आणखी पाठवा.

तुमची वहिनी

८ एप्रिल

वहिनी,

धुऊन वाळत घातलीस? हे वाचून मी इतक्या जोरात ओरडले की बाजूच्या टेबलावरच्या बाईने काचेचं नळकांडं खाली पाडलं. अगं, टाकायचंच असतं ते! धुतलेलं फडकं आईला परत लावलं नाहीस ना? नाही ना? तू तसं करणार नाहीस, मला माहीत आहे, पण लिहून कळव.

आता बातमी ऐक. मी तुझी वही मालकांच्या सभेत उभी राहून वाचली. ‘आज कोपर, मान, पाठ पाहिली. लाली नाही. आई शांत.’ रोज तेच, न चुकता. मालक म्हणाले, “सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईची ही कातडी? मग अजून कशाची वाट बघताय?” नंबर चार पक्का झाला, वहिनी! चाळीस हजार पाकिटं भरायला घेतलीत. एक मेला ती दवाखान्यांच्या वॉर्डांत जाणार, जिथे माणसं आईसारखी पडून आहेत. मला तर रात्रभर हसूच येत होतं.

मालकांना आता नवा हुरूप आलाय. त्याच कापडाचा फेस मास्क करायचा, नंबर चारचंच पाणी दुप्पट दाट करून. तोंडावर वीस मिनिटं ठेवायचा, मग काढून फेकायचा, धुवायचं नाही, की चेहरा लोण्यासारखा. मी माझ्या तोंडावर वर्तमानपत्र दाबून डोळ्यांची, नाकाची, तोंडाची भोकं आखली आणि कापडाचा साचा केला. कोरडाच लावून दारात गेले तर पहारेकऱ्याची बोबडी वळली. नंबर चारची आणखी पाकिटं आणि दोन मास्क पाठवतेय, दोन्ही मास्क तुझ्यासाठी. आईला झटका आल्यापासून चौदा महिने तू आरशात बघितलं नसशील.

तुझी नणंद

१७ एप्रिल

अहो वन्सं,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी तोंड दाखवून केलं.

रविवारी दुपारी आई झोपल्यावर मास्क लावला. पाच मिनिटांत चुणचुण सुरू झाली. म्हटलं, गुण येतोय. दहा मिनिटांत जळजळ. म्हटलं, जास्त गुण येतोय! तुम्ही वीस सांगितली होती, म्हणून दात-ओठ खाऊन पडून राहिले. पंधराव्या मिनिटाला हे खोलीत आले आणि असे किंचाळले की मीच घाबरून किंचाळले. मास्क ओढून काढला तर खाली टोमॅटो. डोळे सुजले, हनुवटीवर फोड आले. तीन दिवस मी ओढणीने तोंड झाकून भाजी आणली. शेजारणीला आता वाटतंय की ह्यांनी मला मारलं.

वन्सं, मी तुमचं मन मोडत नाही, पण हा मास्क काही खरा नाही. तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी मन मारून तोंड धुतलं नाही, तिथेच चुकलं. फडक्यांचं बरं आहे, ती पुसून झाली की आपण कोमट पाण्याने धुतोच.

ह्यांनी विचारलंय, बुटांसाठी पाचवा नंबर मिळेल का?

तुमची वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

‘आपण धुतोच’ म्हणजे काय?

आईला? दर वेळी? नंबर चारसुद्धा? वहीतले सगळे दिवस?

मी तुझं पत्र पाच वेळा वाचलं. मला आजच्या आज लिही. एकच ओळ लिही, पण खरी लिही. पाकिटं भरून झालीत.

२२ एप्रिल

वन्सं,

हो. दर वेळी.

मला तुमची कृती कळली नव्हती असं नाही. चांगली तीनदा वाचली होती. पण पाण्याशिवाय माणूस स्वच्छ होतो हे माझ्या मनाला पटेना. बावीस वर्षं मी या घरात सगळ्यांना अंघोळी घालतेय, एवढ्याशा ओल्या कापडाने पुसून उठायचं म्हणजे चुकारपणा वाटायचा. मला वाटलं, ते ‘धुवू नका’ ज्यांना कंटाळा येतो त्यांच्यासाठी लिहिलंय. आईंनाही पाण्यावाचून चैन पडत नाही. म्हणून फडकं झालं की बादली, टॉवेल, मग पावडर. ते आमचं ‘नेहमीचं’. वहीत फडक्याबद्दल लिहायचं होतं, बादलीबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, मी लिहिलं नाही.

ती वही तुम्ही सभेत वाचलीत? माझी वही? मला वाटलं तुम्ही ती उशाशी ठेवून वाचत असाल. नणंदेला खूश करण्यासाठी लिहिलेलं चार शहाण्या माणसांपुढे वाचलं जाईल, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

हे पत्र सुरू करण्याआधी नंबर चारने माझा दंड आतून पुसून तसाच ठेवलाय. अजून धुतला नाही. आईंना आता ते फडकं लावत नाही, ती काळजी सोडा.

दोन तास झाले. दंड लाल आहे आणि कड फुगलीय. माझी कातडी अजून पन्नाशीचीही नाही. वन्सं, ती पाकिटं थांबवा. माझं नाव सांगा, माझ्यावर ढकला, काहीही करा, पण थांबवा.

वहिनी

३० एप्रिल

वहिनी,

मी उजव्या डोळ्याने लिहितेय, डावा अजून पुरता उघडत नाही. घाबरू नकोस, सांगते.

तुझं पत्र घेऊन मी सरळ मालकांकडे गेले. तिथे विक्रीचे साहेब होते, मशीनवाले काका होते. मी सगळं सांगितलं. विक्रीचे साहेब हसले. “चाळीस हजार पाकिटं एका वहिनीच्या दंडासाठी फोडायची? नाजूक असतील त्या.” मालक म्हणाले, प्रयोगशाळेत कुणालाच काही झालं नाही, उगाच कशाला घाबरता.

माझं डोकंच फिरलं. टेबलावर मास्कचे नमुने होते. मी एक फोडला, खुर्चीत मान मागे टाकली आणि तोंडावर लावला. म्हटलं, चालू द्या सभा. वीस मिनिटांनी काढते.

आधी ते हसले. मग मालाच्या भावाबद्दल, माल नेणाऱ्या गाड्यांबद्दल बोलायला लागले. आठव्या मिनिटापर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसले होते. वहिनी, तू पंधरा मिनिटं कशी काढलीस गं? बाराव्या मिनिटाला भोकांतून डोळ्यांचं पाणी गळायला लागलं. मालक म्हणाले, “काढा ते.” मी म्हटलं, “वॉर्डातल्या माणसाला हात हलवता येत नाही, तोंडाने सांगता येत नाही. अंगावर वाळलेलं हेच पाणी तो कसं काढेल?” मशीनवाले काका उठून बाहेर निघून गेले. शेवटी मालकांनीच तो ओढून काढला आणि हातात धरून तसेच उभे राहिले.

मी आरशात पाहिलं. जिथे मास्कला भोकं होती तेवढाच माझा चेहरा उरला होता, बाकी सगळं लालभडक मांस. मी स्वतःच्या हाताने साचा कापला होता ना, अगदी बरोबर बसला होता.

पाकिटं थांबली. एकही बाहेर गेलं नाही. पण न पडताळता वही वाचली म्हणून मला प्रयोगशाळेतून काढून फोडायच्या कामावर बसवलंय. मी आणि पॅकिंगच्या सहा बायका, रबरी हातमोजे घालून दिवसभर पाकिटं फोडतो. हे योग्यच झालं. तुझ्यावर मी काही ढकललं नाही, कारण चूक तुझी नाहीच. रोज ‘आई शांत’ असं वाचून मला एकदाही शंका आली नाही, हीच माझी अक्कल.

एकच सांग. आईला एकदाही तसंच ठेवलं नव्हतंस? पहिल्या दिवशीही नाही?

तुझी नणंद

७ मे

वन्सं,

तुमचा प्रश्न वाचला. पाच दिवस हातात लेखणी धरवेना. ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगते.

पहिल्या दिवशी मी तुमचं ऐकलं होतं. नंबर चार तेव्हाच पहिल्यांदा काढला होता. पुसलं आणि उठले. आईंनी डाव्या हाताने पलंगाचा दांडा वाजवला आणि बादलीकडे बोट केलं. मी हसले. म्हटलं, बघा, जुनं माणूस, पाण्याशिवाय समाधान नाही. धुतलं तशा शांत झाल्या. दुसऱ्या दिवशी परत दांडा, परत बोट. मी ह्यांना गंमत म्हणून सांगितलंसुद्धा, “तुमची आई माझ्यापेक्षा हट्टी.” तिसऱ्या दिवसापासून मी दांडा वाजायची वाटच बघितली नाही, आधीच धुवायला लागले. आणि वहीत लिहिलं, आई शांत.

त्या दिवशी माझा दंड भाजत होता तेव्हा पत्र टपालात टाकून घरी आले आणि काही कळायच्या आत हात बादलीत घातला. समोर आई बघत होत्या. त्यांनी मान हलवली, हळूच, दोनदा. तेव्हाही मला उमगलं नाही! तुम्ही विचारलंत तेव्हा उमगलं.

त्या सवयीचं पाणी मागत नव्हत्या, वन्सं. त्यांना भाजत होतं. त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. तुम्ही लांबून कातडी विचारत होता, मी जवळून कातडी बघत होते, आणि ज्या बाईची कातडी, तिला आपण दोघींनी काही विचारलंच नाही.

मी त्यांचे पाय धरून रडले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. रागाने की मायेने, ते मला कळलं नाही, आणि आता मी स्वतःच्या मनाने अर्थ लावणार नाही.

वहिनी

२० जून

वहिनी,

आई सांगत होती हे वाचून मी पॅकिंगच्या खोलीत सगळ्यांसमोर हमसून रडले. बायकांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांच्यातली एक म्हणाली, “मग आता तिलाच विचारा की.” एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला मला पाकिटं फोडायला बसावं लागलं.

दुसरं ऐक आणि कपाळाला हात लाव. आमच्या कारखान्यात बँडेजची पाकिटं बंद करून वाफेच्या भट्टीत घालतात, त्यामुळे ती वर्षभर शुद्ध राहतात. ती भट्टी माझ्या टेबलापासून तीस पावलांवर आहे. मी वर्षभर बुरशीवर औषधं शोधली आणि भट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही! मशीनवाल्या काकांनी दोन आठवड्यांपूर्वी एक ओलं पाकीट घालून बघितलं. पाकीट उघडल्यावर फडकं लगेच वापरायला हवं, म्हणून एका पाकिटात एकच. औषध अजिबात नाही, उकळलेलं पाणी आणि थेंबभर ग्लिसरीन. मी ते आठ दिवस माझ्या सोललेल्या तोंडाला लावतेय, माझं तोंड शांत आहे. मालकांनी बघितलं, पण होकार दिला नाही. म्हणाले, या वेळी वही नको, माणूस काय म्हणतं ते सांगा. ते बरं निघालं तर पुढे, नाहीतर फडक्यांचा विषय कायमचा बंद. मास्क तर कधीच बंद झाला.

नंबर सात पाठवतेय. आधी तुझ्या दंडावर. मग आईला दाखव, कशासाठी ते सांग, आणि ती हो म्हणाली तरच लाव. नाही म्हणाली तर पाकिटं परत पाठव, मी काही विचारणार नाही.

तुझी नणंद

२९ जून

अगं,

आज मला तुला अहो-जाहो करवत नाही, राग आला तर येऊ दे.

तीन दिवस माझ्या दंडावर लावलं, काही नाही. आज सकाळी आईंपुढे पाकीट धरलं. म्हटलं, “आई, लेकीने नवीन केलंय. भाजलं तर दांडा वाजवा, मी लगेच धुते. लावू?” त्यांनी बराच वेळ पाकिटाकडे बघितलं आणि हो म्हणून मान हलवली. मी फोडलं आणि कपाळाला लावणार तोच दांडा वाजला. ठक! अजून तर लावलंही नव्हतं! वाटलं, आपण या बाईला इतकं घाबरवून ठेवलंय.

त्यांनी तळवा पुढे केला. म्हटलं, हात लावून बघायचं असेल. फडकं तळव्यावर ठेवलं.

त्यांनी स्वतःचं तोंड पुसलं, गं. स्वतः! आधी कपाळ, मग कानामागे, मग गळा. मी दुसरं फोडून दिलं. मग तो उजवा हात मांडीवर घेतला, जो सोळा महिने आपण सगळे उचलून इकडून तिकडे ठेवतोय, आणि त्याचं एकेक बोट पुसलं, नखांच्या कडांसकट. बादली, टॉवेल पिळणं हे एका हाताने त्यांना कधी जमलंच नसतं. फडकं जमलं. मी तोंडाचा आ करून उभी. हे दारात आले, अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा तसाच.

दहा मिनिटं थांबून मी विचारलं, “आई, भाजतंय?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तासाने परत विचारलं, परत नाही. कातडी मी बघितली नाही, त्यांनाच विचारलं. मालकांना हे असंच सांग.

पण मधलं एक राहिलं. हात पुसून झाल्यावर त्यांनी बोटांनी खुणावून आणखी चार पाकिटं मागितली. मी फोडून पलंगावर मांडली आणि पाठ-पोट पुसायला नेहमीसारखी चोळीची गाठ सोडायला वाकले. त्यांनी माझा हात बाजूला सारला. आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि बोटाने दार दाखवलं.

सोळा महिने मी त्यांना रोज उघडं करून पुसतेय आणि स्वतःला शाबासकी देतेय. त्यांना लाज वाटत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नाही.

आम्ही दोघं बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. हे तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

तुझी वहिनी